घरी बसून दहावी करायची आहे? दाखल्यापासून पेपरपर्यंत सगळं

माझी दहावी झाली तेव्हा मी ३८ वर्षांची होते. आठवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, दोन मुलं, शिवणकाम, आणि मग मोठी मुलगी दहावीला आली तेव्हा तिची पुस्तकं आवरता आवरता वाचायला लागले आणि वाटलं हे तर मलाही जमेल. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणींना फॉर्म भरायला मदत केली, एका रिक्षावाल्या दादांनाही केली, आणि प्रत्येकजण तेच तेच विचारतं म्हणून एकदाच बसून सगळं लिहिते. स्टेट बोर्डाची मराठी माध्यमाची दहावी मी स्वतः केली त्यामुळे तिच्याबद्दलच जास्त लिहिणार.

आधी एक सांगते. सगळ्यांना भीती गणिताची आणि इंग्रजीची असते, पण मी बघितलेली माणसं तिथे अडकली नाहीत. ती दोन ठिकाणी अडकली, कागद आणि हात. कागद म्हणजे शाळेचा दाखला, आणि हात म्हणजे वीस वर्षं पेन न धरलेला हात. या दोन्हीचं काम आजपासून सुरू करा, पुस्तकं नंतर आणली तरी चालेल.

कुठून करायची

मुख्य रस्ते दोन आहेत. एक म्हणजे आपलं स्टेट बोर्ड, तिथे खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरायचा आणि शाळेतल्या मुलांसोबत तीच परीक्षा द्यायची. त्यासाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, वरच्या वयाला मर्यादा नाही.

दुसरं म्हणजे एनआयओएस, केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय. १९८९ साली सुरू झालं, तेव्हा नाव नॅशनल ओपन स्कूल होतं. इथे सहाच्या ऐवजी पाच विषय घेऊन चालतं, विषय आपण निवडायचे, गणित नको असेल तर गृहविज्ञान घ्या, डेटा एंट्री घ्या, चित्रकला घ्या. पास व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे यंदा दोन विषय, पुढच्या वेळी एक, असं करत करत पूर्ण करता येतं. दहावी मराठीतूनही देता येते.

मग कोणतं घ्यायचं? माझं मत सांगते. घरात किंवा शेजारी कुणी स्टेट बोर्डात दहावीला असेल, पुस्तकं वह्या मिळणार असतील, सहा-सात महिने रोज वेळ निघणार असेल तर १७ नंबर घ्या, कारण शंका विचारायला दहा माणसं मिळतात. लहान बाळ आहे, शिफ्टची ड्युटी आहे, कधी वेळ मिळेल सांगता येत नाही, किंवा गणिताचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, तर एनआयओएस. सर्टिफिकेट दोन्हीचं चालतं. कुणी काकांनी "ते ओपनचं कुठे चालतं" म्हटलं तर ऐकू नका. पण एक, तुम्हाला नेमकी एखादी नोकरी किंवा कोर्स करायचा असेल तर त्याच्या जाहिरातीत कुठले विषय मागितलेत ते आधी वाचा. समजा पुढे गणित लागणार असेल आणि तुम्ही गणित सोडलं तर परत तोच विषय द्यावा लागेल.

पाचवीसुद्धा झाली नसेल त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची आणि आठवीची परीक्षा असते, ती देऊन मग पुढे या. मुंबईत राहत असाल तर रात्रशाळाही बघा, संध्याकाळी काम सुटल्यावर भरतात. आणि बायकांसाठी प्रथम संस्थेचा सेकंड चान्स नावाचा दहावीचा कार्यक्रम आहे, तुमच्या भागात त्यांचं सेंटर आहे का तेवढं विचारून घ्या.

पेपर न देता दहावी पास, घरपोच सर्टिफिकेट, अशा जाहिराती येतात त्यांच्या नादी अजिबात लागू नका. पैसे जातात आणि पुढे नोकरीत पडताळणी झाली की बोगस कागद दिला म्हणून केस होते ती वेगळीच.

दाखला

शाळा सोडल्याचा दाखला हा सगळ्याचा पाया. शेवटची ज्या शाळेत होतात तिथेच मिळतो. माझी शाळा माहेरी, जत तालुक्यात, आणि मी राहते मिरजेत. पहिल्यांदा गेले तेव्हा क्लार्क रजेवर, दुसऱ्यांदा गेले तर जुनं रजिस्टर सापडेना, तिसऱ्यांदा भावाला सोबत नेलं आणि शाळेत कुठल्या साली नाव घातलं, कुठल्या साली सोडलं, वर्गशिक्षक कोण होते हे सगळं कागदावर लिहून नेलं तेव्हा अर्ध्या तासात नोंद सापडली. म्हणून जाताना साल अंदाजे का होईना लिहून घेऊन जा, तेव्हाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. साधा अर्ज हातानं लिहा, त्याच्या झेरॉक्सवर पोच घ्या.

पूर्वी एकदा दाखला काढला होता आणि हरवला असेल तर दुसरी प्रत मिळते, पण प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. शाळाच बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन विचारा की त्या शाळेचं रेकॉर्ड कुठे जमा आहे.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून तीन गोष्टी वाचायच्या, नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख. आपल्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकून दिलेलं असतं आणि आधारवर दुसरीच तारीख असते. बोर्ड दाखल्याप्रमाणे जातं. त्यामुळे आधार दाखल्याशी जुळवून घेता आलं तर फॉर्म भरायच्या आधीच घ्या.

बायकांसाठी आणखी एक. मार्कलिस्टवर नाव माहेरचं येणार, कारण दाखल्यावर तेच आहे. माझ्यासोबतची एकजण यावरून फॉर्मच भरत नव्हती, की सासरचं नाव नाही तर काय उपयोग. उपयोग पूर्ण आहे. पुढे कुठे लागलं तर विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा किंवा राजपत्रात नाव बदलाची नोंद करायची, त्यासाठी दहावी थांबवायची नाही.

१७ नंबरचा फॉर्म

फॉर्म ऑनलाइन असतो, बोर्डाच्या वेबसाइटवर. साधारण जुलैच्या आसपास सुरू होतो आणि मग पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेला बसता येतं. तारखा दरवर्षी वेगळ्या असतात, मुदत वाढली तर लेट फी लागते, म्हणून जून लागला की दर आठवड्याला वेबसाइट उघडून बघायची किंवा जवळच्या हायस्कूलच्या ऑफिसात चौकशी करायची.

लागतं काय, तर दाखला, आधार, पासपोर्ट फोटो, चालू मोबाईल नंबर आणि ईमेल. मोबाईलवरून भरता येतो पण मी म्हणेन घरातल्या कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवून भरा. मी पहिल्यांदा एका कॅफेत भरायला दिला, त्या माणसानं ईमेल स्वतःचा टाकला आणि नंतर बोर्डाचा सगळा निरोप त्याच्याकडे जायला लागला. ईमेल आणि नंबर तुमचाच हवा. माध्यम मराठी निवडलंय ना, विषय बरोबर आहेत ना हे फी भरायच्या आधी दोनदा वाचा, कारण भरलेली फी परत मिळत नाही.

फॉर्ममध्ये तुम्हाला एक शाळा निवडायची असते, तिला संपर्क केंद्र म्हणतात. घराजवळची निवडा, कारण तिथे वर्षभरात पाच-सहा वेळा तरी जावं लागतं. फॉर्म भरला की प्रिंट काढायची, मूळ दाखला आणि बाकी कागद जोडून त्या शाळेत मुदतीत नेऊन द्यायचे. द्यायच्या आधी दाखल्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

आता इथे सगळ्यात मोठी चूक होते ती ऐका. १७ नंबरचा फॉर्म म्हणजे फक्त नावनोंदणी. त्यानंतर बोर्डाकडून नावनोंदणी प्रमाणपत्र मिळतं, आणि मग परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, शाळेमार्फत, त्याची फी पण वेगळी. आमचे रिक्षावाले दादा पहिल्या वर्षी नावनोंदणी करून निवांत बसले, त्यांना वाटलं आता हॉल तिकीटच येणार, आणि जानेवारीत कळलं की परीक्षेचा फॉर्मच भरलेला नाही. पूर्ण वर्ष गेलं. दिवाळीच्या आधीपासून शाळेत फोन करून विचारत राहा, परीक्षेचे फॉर्म सुरू झाले का म्हणून. शाळा स्वतःहून कळवेल या भरवशावर राहायचं नाही, त्यांना त्यांची दोनशे पोरं असतात.

त्याच शाळेत तुमचं प्रत्येक विषयाचं २० मार्कांचं अंतर्गत मूल्यमापन पण होतं, भाषांची तोंडी, विज्ञानाचं प्रॅक्टिकल, बाकीचे गृहपाठ प्रकल्प. हे मार्क फुकट घालवू नका. संबंधित सरांना बाईंना आधीच भेटून वह्या कशा हव्यात, प्रॅक्टिकलला कुठल्या दिवशी यायचं ते लिहून घ्या. पहिल्यांदा शाळेच्या गेटमधून आत जाताना लाज वाटते हे मला माहितीय, मी दोनदा गेटवरून परत आले होते. पण आत गेल्यावर विज्ञानाच्या बाईंनी मला खुर्ची दिली आणि जर्नल कसं लिहायचं ते स्वतः दाखवलं.

हात

दाखल्याएवढंच महत्त्वाचं हे. आपण मोठी माणसं वाचून समजून घेतो लवकर, पोरांपेक्षाही लवकर, पण लिहिता येत नाही. मराठीचा पेपर ८० मार्कांचा, तीन तास. ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा घड्याळ लावून जुना पेपर लिहायला बसले तर पाऊण तासात अंगठा आखडला, अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, आणि पेपर निम्मा पण झाला नाही. येत सगळं होतं.

म्हणून रोज लिहायचं. पहिला महिना अभ्यास नाही केला तरी चालेल पण रोज पेपरातला एखादा लेख किंवा पुस्तकातलं एक पान बघून लिहायचं, रेघी वहीत, पेननी. सुरुवातीला दहा मिनिटं, मग वीस, मग अर्धा तास सलग. दहा मिनिटांत किती ओळी झाल्या ते वहीच्या कडेला लिहून ठेवा. माझ्या सुरुवातीला नऊ व्हायच्या, दिवाळीपर्यंत सोळा झाल्या. पेन एकच ठरवा आणि त्याच जातीचे पाच-सहा आणून ठेवा. जड पेन घेऊ नका.

आणि चाळिशीच्या आसपास असाल तर डोळे तपासून घ्या. जवळचं दिसत नाही हे आपल्या लक्षात येत नाही, आपल्याला वाटतं अभ्यासात लक्ष लागत नाही, डोकं दुखतंय, वय झालं. माझ्या जावेला चष्मा लागला आणि तिचं वाचन दुप्पट झालं.

अभ्यास करताना पण नियम तोच, वाचू नका, लिहा. एक धडा वाचला की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते दहा ओळीत लिहायचं, मग उघडून काय राहिलं ते बघायचं. स्वयंपाक करताना मोबाईलवर धड्याचे व्हिडिओ लावले तरी चालतात, पण ते ऐकणं झालं, अभ्यास वहीवरच होतो.

वेळ किती द्यायचा? मी पहाटे साडेचार ते सहा बसायचे कारण सहाला पाणी यायचं आणि मग दिवस माझा राहायचा नाही. तुमची वेळ दुपारची असेल, रात्रीची असेल, पण ती एकच ठरलेली हवी आणि घरच्यांना माहीत हवी. दीड तास रोज, जुलै ते जानेवारी, याच्यात दहावी होते. सणावाराला चार दिवस बुडले तर पाचव्या दिवशी परत बसायचं, मागचं भरून काढायला रात्र जागायची नाही.

पुस्तकं आणि विषय

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ फुकट आहेत, पण मोबाईलवर दहावी वाचू नका, डोळे जातात. कुणाची तरी जुनी पुस्तकं मागून घ्या, फक्त चालू अभ्यासक्रमाचीच आहेत ना ते शाळेत दाखवून घ्या. गाईड एकच घ्या, आणि मागच्या वर्षांचे बोर्डाचे पेपर.

सहा विषय, प्रत्येकी १००, पास व्हायला ३५. गणित आणि विज्ञानाचे दोन-दोन पेपर ४०-४० चे, सामाजिक शास्त्रांचे पण तसेच, इतिहास-राज्यशास्त्र एक आणि भूगोल एक.

भूगोलापासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगते. पूर्ण पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेचं आहे, हवामान, नद्या, लोकसंख्या, शेती, पर्यटन. गोष्टीसारखं वाचता येतं, नकाशा भरायचा असतो, आलेख वाचायचे असतात, आणि पंधरा दिवसांत एक पुस्तक संपलं म्हणून जो धीर येतो तो पुढे खूप कामाला येतो. राज्यशास्त्र आपल्याला निम्मं येतंच, निवडणूक प्रक्रिया, पक्ष, चळवळी, आपण मतदान केलेली माणसं आहोत, पोरांना हे पाठ करावं लागतं. विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पण असंच, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन, सूक्ष्मजीवशास्त्रात दही कसं लागतं ते. पहिला भाग अवघड, त्यात भिंगे आणि प्रकाशाच्या आकृत्या पेन्सिलनी रोज एक काढा.

गणितात दहावीच्या पुस्तकाला आधी हात लावू नका. सातवी-आठवीचं पुस्तक आणा, अपूर्णांक, ऋण संख्या, साधी समीकरणं, आणि पाढे ३० पर्यंत. याला सहा आठवडे द्या. मी हे न करता थेट वर्गसमीकरणं उघडली आणि तीन दिवस रडत होते, मुलीनं मला मागे नेलं, आठवीच्या पुस्तकावर, आणि मग सुटलं. दहावीतलं सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन हे धडे आधी करा. अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर्स आहेत, दुकान चालवणाऱ्याला ते रोजचंच. भूमितीत रचना, म्हणजे कंपास घेऊन वर्तुळाची स्पर्शिका वगैरे काढायच्या, त्या हातात बसल्या की मार्क हमखास. ज्यांना भूमिती झेपतच नाही त्यांनी पायथागोरस, समरूपता आणि रचना एवढं पक्कं करावं, बाकीचं जमेल तसं.

इंग्रजीत धडे पाठ करत बसू नका. पेपरात उतारा देऊन प्रश्न असतात, उत्तर बरेचदा उताऱ्यातच असतं, ते शोधून तसंच्या तसं लिहिता आलं पाहिजे. त्यामुळे रोज एक उतारा. पत्रलेखनाचा एक साचा पाठ करा, इंग्रजीतून मराठीत भाषांतराचा प्रश्न असतो तो आपला हुकमी, सोडू नका. रोज पाच शब्द, स्पेलिंगसकट, लिहून. हिंदी आपल्याला टीव्हीमुळे समजते पण लिहिताना मराठीच उतरते, र्‍हस्व दीर्घ वेगळं आहे, तेवढं बघा. मराठीत निबंध आणि उपयोजित लेखन, बातमी, जाहिरात, पत्र, यात आपला अनुभव कामाला येतो.

पेपरच्या आधी आणि पेपरला

जानेवारीत दर रविवारी सकाळी ११ वाजता एक पूर्ण पेपर लिहायचा, घड्याळ लावून, मध्ये उठायचं नाही, कुणी आलं तर दार दुसऱ्यानं उघडायचं. पेपर खरा ११ वाजताच असतो म्हणून तीच वेळ. तपासायला मुलांना द्या, ती सोडत नाहीत.

हॉल तिकीट मिळालं की नाव, विषय, माध्यम, फोटो तपासा, चूक असेल तर लगेच शाळेत. आदल्या दिवशी सेंटर बघून या. माझ्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी सुपरवायझर मला म्हणाले, पालकांनी बाहेर थांबायचं. मी हॉल तिकीट दाखवलं, ते म्हणाले, बसा ताई, आणि पाण्याची बाटली उचलून माझ्या बाकापर्यंत आणून ठेवली. शेजारी पंधरा वर्षांचा पोरगा होता, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला.

पेपर मिळाला की येणारे प्रश्न आधी, प्रश्न क्रमांक मात्र नीट टाका. गणितात पूर्ण उत्तर आलं नाही तरी सूत्र आणि येतील तेवढ्या पायऱ्या लिहा, पायऱ्यांना मार्क असतात. काहीच कोरं ठेवू नका.

एक-दोन विषय राहिले तर जून-जुलैच्या सुमाराला पुरवणी परीक्षा असते, राहिलेले विषयच द्यायचे, झालेले परत द्यावे लागत नाहीत. मात्र त्याचाही फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत भरायचा असतो. आमच्यातल्या एकीचं गणित राहिलं, तिनं निकालाच्या दिवशी रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला, पुरवणीला ४१ मिळाले.

पास झाल्यावर

बारावी पण १७ नंबरनी करता येते, अट आणि तारखा वेगळ्या असतात. अंगणवाडीत जायचं असेल तर आता बारावीच लागते, त्यामुळे थांबू नका. बारावी झाली की नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी बसून बीए, बीकॉम होतं. आखातात कामाला जाणाऱ्यांना दहावीच्या मार्कलिस्टचा वेगळा उपयोग आहे, पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का येत नाही, मग एजंटकडे त्यासाठी फेऱ्या मारायची गरज नाही.

मार्कलिस्ट मूळ प्रत संपर्क केंद्रातूनच घ्यायची, स्वतः जाऊन. डिजिलॉकरवर पण काढून ठेवा. आणि आनंदाच्या भरात लगेच लॅमिनेशन करू नका, माझ्या जावेनं केलं आणि पुढे एका ठिकाणी मूळ प्रतीवर मागच्या बाजूला शिक्का मारायचा होता तेव्हा पंचाईत झाली. प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवा, दाखल्याच्या झेरॉक्ससोबत.